रिकाम्या पुंगळ्यांची साक्ष

पिस्तुलाच्या नेमबाजीचा सराव ज्यांनी एकदा तरी पाहिला आहे, त्यांच्या ध्यानी एक गोष्ट आली असेल. नेमबाजाची दृष्टी लक्ष्यावर, शिक्षकाची दृष्टी नेमबाजाच्या मनगटावर आणि पाहणारांची दृष्टी काळ्या वर्तुळात उमटणाऱ्या छिद्रांवर खिळलेली असते. प्रत्येक बाराबरोबर पिस्तुलाच्या उजव्या अंगाने एक पिवळी चमक बाहेर उडते, फरशीवर किणकिणते आणि घरंगळत कोठेतरी जाऊन पडते. तिच्याकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही. पुढे सराव संपतो, हत्यारे रिकामी करून खाली ठेवली जातात आणि सारे चित्र पालटते. मघापर्यंत ताठ उभी असलेली माणसे वाकतात, आणि शेतात सांडलेले कणीस वेचावे तशी त्या पितळी पुंगळ्या वेचून डब्यात टाकू लागतात. ही वेचणी काडतुसाला पितळेचे अंग आले तेव्हापासून चालत आली आहे. दिसावयास ती केवळ काटकसर आहे. परंतु तिच्या पोटात इतिहासाचा एक फार मोठा प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचाच विचार आम्ही येथे करणार आहो.

बार उडाल्यावर मागे काही उरते, ही गोष्टच मुळी फार जुनी नाही. १८५७ साली ज्या काडतुसांवरून आपल्या देशात वणवा भडकला, ती कागदाची होती. त्यांचे टोक दातांनी तोडावयाचे, दारू नळीत ओतावयाची आणि कागदासह गोळी गजाने आत ठासावयाची, असा त्या एनफील्ड बंदुकीचा रिवाज. चरबीचा प्रश्न उठला तो याच दात लावण्यातून. बार झाला की धूर आणि जळक्या कागदाचे चार कपटे यांखेरीज मागे काही राहत नसे. बंदूक बोलली आणि गप्प झाली. ती कोठून बोलली, किती वेळा बोलली, याची खूण भूमीवर टिकून राहत नसे.

ही स्थिती पालटण्याचे प्रयत्न त्याआधीच युरोपात चालू झाले होते. १८०७ साली अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश धर्मोपदेशकाने, आघात होताच पेट घेणाऱ्या रसायनाने बंदूक डागण्याच्या युक्तीचा हक्क मिळविला. १८१२ साली पॅरिसमध्ये झाँ सॅम्युएल पॉली याने गोळी, दारू आणि पेटविण्याचे द्रव्य ही तिन्ही एकत्र बांधून त्यांना पितळेची बैठक दिली. पुढे १८६६ साली वुलिच येथील शाही प्रयोगशाळेतील एडवर्ड बॉक्सर या अधिकाऱ्याच्या नावाने ओळखले जाणारे काडतूस इंग्रजी सैन्यात आले. त्याचे अंग पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून केलेले होते. हा गुंडाळलेला पत्रा पुढे महाग पडला. १८८५ च्या जानेवारीत सुदानातील अबू क्लीच्या लढाईत तापलेल्या मार्टिनी-हेन्री बंदुकांत अशा पुंगळ्या अडकून बसल्या आणि ऐन गर्दीत शिपायांच्या हाती निरुपयोगी बंदुका राहिल्या. त्यानंतर एकसंध पितळ दाबून व ओढून केलेल्या अखंड पुंगळीचा सर्वत्र स्वीकार झाला.

पितळच का, असे कोणी विचारील. ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त असे हे मिश्रण असते, आणि त्याच्या अंगी एक विलक्षण गुण आहे. बार होताच पुंगळी आतल्या दाबाने फुगते व नळीच्या भिंतीस घट्ट चिकटते. त्यामुळे वायू मागे फुटून नेमबाजाच्या तोंडावर येत नाही. पण दाब ओसरताच ती क्षणात पुन्हा आकसते आणि सहज बाहेर निघते. नुसते तांबे मऊ पडते, ते फुगले की फुगलेलेच राहू पाहते. पितळ मात्र आपले काम करून बाजूला होते. आपल्या महाराष्ट्रात खडकीचा काडतुसांचा कारखाना १८६९ साली निघाला आणि वरणगावचा १९६४ साली; म्हणजे या विद्येशी आपला संबंध दीड शतकाहून अधिक काळचा आहे.

आता वेचण्याकडे वळू. पुंगळी वेचण्याचे पहिले कारण म्हणजे ती पुन्हा भरता येते. काडतुसातील सर्वांत खर्चाचा भाग हाच, आणि तोच तेवढा शाबूत राहतो. वापरलेली टोपी काढून टाकावी, पुंगळी साच्यात घालून पूर्ववत करावी, नवी टोपी, मोजलेली दारू आणि नवी गोळी बसवावी, की काडतूस तयार. यात दैवाची एक थट्टाही आहे. बॉक्सर इंग्रज आणि त्याच सुमारास टोपीची वेगळी रचना काढणारा हायरम बर्डन अमेरिकन. परंतु कालांतराने बॉक्सरची रचना अमेरिकेत रूढ झाली आणि बर्डनची युरोपात! बॉक्सरच्या रचनेत पुंगळीच्या बुडाशी मधोमध एकच छिद्र असल्याने जुनी टोपी आतून एका सळईने ढकलून पाडता येते; बर्डनच्या रचनेत ते तितके सोपे नाही. अमेरिकेतील नेमबाजांत घरच्या घरी काडतुसे भरण्याचा छंद फोफावला, त्याच्या मुळाशी हे एक लहानसे छिद्रही आहे. उलट सरावात सर्वत्र दिसणारी बावीस बोराची बारीक पुंगळी पुन्हा भरता येत नाही, कारण तिचे पेटते द्रव्य बुडाच्या कडेतच भरलेले असते आणि आघाताने ती कड चेपून जाते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धांत पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळविले, त्या प्रकारात हीच काडतुसे वापरतात. त्यांच्या पुंगळ्या वेचल्या तरी त्या मोडीतच जावयाच्या.

दुसरे कारण हिशेबाचे. सैन्यात जितकी काडतुसे दिली, तितक्या रिकाम्या पुंगळ्या व न उडालेली काडतुसे मिळून परत आली पाहिजेत. नाही आली तर एखादे जिवंत काडतूस कोणाच्या खिशातून बाहेर गेले असा अर्थ होतो. म्हणून चांदमारी आटोपल्यावर आपल्यापाशी काडतूस अथवा पुंगळी उरलेली नाही असे प्रत्येक शिपायाने उघड सांगण्याची पद्धत पडली. इंग्रजी अमलात या दक्षतेला आणखी एक धार होती. वायव्य सरहद्दीवरील टोळ्या टाकलेल्या पुंगळ्या गोळा करून पुन्हा भरीत आणि त्याच पितळेतून निघालेली गोळी सरकारी पलटणीवर उलटत असे.

तिसरे कारण टंचाईचे. दुसऱ्या महायुद्धात तांबे इतके दुर्मीळ झाले, की अमेरिकेने १९४३ साली आपला एक सेंटाचा पैसा जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा पाडला. आणि १९४४ ते १९४६ या वर्षांतील पैशांसाठी वापरून झालेल्या पुंगळ्यांचे पितळ उपयोगात आणले. रणांगणावर किंवा सरावाच्या मैदानावर उडालेल्या बारांचा अवशेष असा मुलांच्या मुठीत खाऊचा पैसा होऊन आला.

याप्रमाणे काटकसर, हिशेब आणि टंचाई या तिहींनी मिळून वेचण्याची सवय लावली. पिस्तुलांपुरता त्यात एक भेद आहे. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रात सहाही पुंगळ्या अडकून राहतात आणि नेमबाज त्या एकदम आपल्या तळहातावर ओतून घेऊ शकतो. स्वयंचलित पिस्तूल मात्र प्रत्येक पुंगळी तत्काळ बाहेर भिरकावते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर जे पिस्तूल झाडले, ते ब्राउनिंग जातीचे, याच दुसऱ्या वर्गातील. पहिल्या प्रकारात पुंगळी हाती येते, दुसऱ्यात ती भूमीवर राहते. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील कथेत त्याचे काम आहे.

ही कथा अमेरिकेतील पोलिसांच्या शिक्षणवर्गांतून कित्येक वर्षे सांगितली गेली. ५ एप्रिल १९७० च्या मध्यरात्रीच्या सुमारास कॅलिफोर्नियातील न्यूहॉल येथे रस्त्यावरील गस्तीच्या पोलिसांनी दोन सशस्त्र गुन्हेगारांची गाडी अडविली. पाच मिनिटांच्या आत चार तरुण पोलिस ठार झाले. त्यांपैकी एकाचे रिव्हॉल्व्हर रिकामे झाले होते; गाडीच्या आडोशाला बसून त्याने एकेक करून नवी काडतुसे भरली आणि चक्र मिटविले, तोच गुन्हेगार जवळ पोचला व त्याने गोळी झाडली. कथा अशी, की या शिपायाच्या खिशात नंतर सहा रिकाम्या पुंगळ्या सापडल्या. सरावाच्या मैदानावर कचरा होऊ नये म्हणून पुंगळ्या तळहातावर घेऊन खिशात टाकण्याची त्याला सवय लावलेली होती, आणि मृत्यू समोर उभा असताना हाताने तीच सवय पाळली. त्या दोन क्षणांनी त्याचा प्राण घेतला!

कथा अंगावर काटा आणणारी आहे, आणि तिचे तात्पर्यही खोटे नाही. जे हात शांततेत शिकतात, तेच ते संकटात करतात. त्या रात्रीनंतर तेथील पोलिसांच्या शिक्षणात पुष्कळ सुधारणा झाल्या, आणि सहाही काडतुसे एकदम भरण्याचे साधन त्यांच्या कमरपट्ट्यावर आले. परंतु पुढे ज्यांनी त्या प्रसंगाचे कागद व छायाचित्रे बारकाईने तपासली, त्यांना निराळेच आढळले. त्या शिपायाच्या रिकाम्या पुंगळ्या त्याच्या खिशात नव्हत्याच. त्या तेथेच भूमीवर पडलेल्या होत्या. त्याने त्या खाली टाकून दिल्या होत्या. ऐन प्रसंगी त्याच्या हातांनी चूक केली नव्हती. तात्पर्य सुबक होते म्हणून गोष्ट खरी मानली गेली, आणि एका मृताच्या माथी नसलेला दोष बसला. त्यास त्या दोषातून सोडविले ते कोणा वक्त्याने नव्हे, तर जेथे पडल्या तेथेच टिपल्या गेलेल्या पुंगळ्यांनी.

येथे आमच्या विषयाचे मर्म आहे. वेचलेली पुंगळी फक्त संख्या सांगते. पडल्या जागी राहिलेली पुंगळी हकीकत सांगते.

पुंगळीच्या अंगावरही लेख असतो. बार करणारी पिन टोपीवर आपला ठसा उमटविते. पुंगळी बाहेर ओढणारा आकडा तिच्या कडेवर ओरखडा काढतो. कारखान्यात एकाच दिवशी घडलेल्या दोन पिस्तुलांचे हे ठसेही सूक्ष्मदर्शकाखाली भिन्न दिसतात. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोत एका गॅरेजमध्ये सात माणसांना भिंतीशी उभे करून मारण्यात आले. मारेकऱ्यांपैकी काहींच्या अंगावर पोलिसांचा वेष असल्याने संशय खुद्द पोलिसांवर गेला. त्या ठिकाणी पंचेचाळीस बोराच्या ७० पुंगळ्या जमा करण्यात आल्या होत्या. कॅल्व्हिन गॉडर्ड या तज्ज्ञाने त्या दोन वस्तू एकाच वेळी ताडून पाहता येतील अशा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, आणि पोलिसांच्या बंदुकांतून त्या उडालेल्या नाहीत असे दाखवून दिले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मिशिगनमध्ये फ्रेड बर्क नावाच्या गुन्हेगाराच्या घरी दोन टॉमसन बंदुका सापडल्या, तेव्हा तेच ठसे त्यांच्याशी जुळले. निरपराधांची सुटका आणि हत्यारांची ओळख ही दोन्ही कामे त्या पितळेने केली.

याहूनही नवलाची गोष्ट अमेरिकेतीलच लिटल बिगहॉर्नच्या माळरानाची. २५ जून १८७६ रोजी लाकोटा, शायेन व त्यांच्या मित्रजमातींनी जनरल कस्टरच्या हाताखालील पाच तुकड्यांचा तेथे पूर्ण नाश केला. त्या तुकड्यांतील एकही शिपाई हकीकत सांगण्यास वाचला नाही. विजयी पक्षाकडे आठवणी होत्या, पण पराभूतांच्या देशबांधवांनी त्यांवर फारसा विश्वास ठेवला नाही. टेकडीवर शेवटच्या माणसापर्यंत झुंजणाऱ्या शूरांचे चित्र त्यांना अधिक रुचले. १९८३ साली त्या माळावरील गवतास आग लागून जमीन उघडी पडली. १९८४ व १९८५ साली डग्लस स्कॉट व रिचर्ड फॉक्स या संशोधकांनी धातू हुडकणाऱ्या यंत्रांनी ती भूमी पद्धतशीर पिंजून काढली. प्रत्येक पुंगळी उचलण्यापूर्वी ती नेमकी कोठे पडली आहे याची नोंद त्यांनी केली, आणि मग टोपीवरील ठसे ताडून पाहिले. एकाच बंदुकीच्या पुंगळ्या माळावर ओळीने सापडल्या, तेव्हा शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ती बंदूक घेऊन एक मनुष्य कोणत्या वाटेने पुढे सरकला, हे नकाशावर रेखता आले!

त्या पुंगळ्यांनी काय सांगितले? लाकोटा-शायेन वीरांपाशी चाळीसांहून अधिक प्रकारच्या बंदुका होत्या, आणि त्यांत भराभर बार करणाऱ्या हेन्री व विंचेस्टर जातीच्याही होत्या. शिपायांच्या बंदुकांत तांब्याच्या पुंगळ्या अडकल्या म्हणून पराभव झाला, अशी जी समजूत होती, तिला फारसा आधार मिळाला नाही. जबरीने उपसून काढल्याच्या खुणा फार थोड्या पुंगळ्यांवर आढळल्या. जेथे अखेरची झुंज झाली असे सांगत, त्या टेकडीवर शिपायांच्या पुंगळ्या फार विरळ मिळाल्या. त्यावरून फॉक्स यांनी असे प्रतिपादले, की तेथे दीर्घ झुंज झालीच नाही. सैन्याची फळी आधीच मोडली होती. ज्या आठवणींस शंभर वर्षे कोणी मान दिला नाही, त्यांस पितळ व तांबे यांनी पुष्टी दिली.

आता आम्ही आपल्या घरच्या दुःखाकडे येतो. १३ एप्रिल १९१९, अमृतसर, जालियनवाला बाग. जनरल डायरने पन्नास बंदूकधारी शिपाई आत नेले आणि कोणतीही सूचना न देता जमावावर सुमारे दहा मिनिटे गोळीबार चालविला. त्याने लगोलग वरिष्ठांना जो अहवाल धाडला, त्यात दोन आकडे आहेत. मेलेल्यांची संख्या दोनशे ते तीनशे असावी, हा एक अंदाज; आणि आपल्या तुकडीने १,६५० फैरी झाडल्या, ही दुसरी निश्चित संख्या. ही संख्या शिपायांनी उचललेल्या रिकाम्या पुंगळ्यांच्या मोजणीवरून आली असे सांगितले जाते. प्रत्येक शिपायामागे सरासरी तेहतीस फैरी पडल्या.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. पितळेचा हिशेब एका पुंगळीपर्यंत पक्का; माणसांचा हिशेब मात्र शंभराच्या फरकाने, अंदाजाने! संचारबंदीमुळे जखमींना रात्रभर पाणी द्यावयासही कोणी जाऊ शकले नाही, आणि मृतांची नावे गोळा करण्याचे काम सरकारने काही महिन्यांनी हाती घेतले. अखेर सरकारी आकडा ३७९ ठरला. काँग्रेसने नेमलेल्या चौकशी समितीत महात्मा गांधींसमवेत आमच्या मुंबईचे मुकुंदराव जयकरही होते. तिने मृतांची संख्या हजाराच्या आसपास धरली. सरकारच्या हंटर समितीत मुंबईचेच सर चिमणलाल सेटलवाड बसले होते, आणि त्यांच्या प्रश्नांनी डायरच्या तोंडूनच त्याच्या हेतूची कबुली बाहेर आली. तरीही मृतांची खरी संख्या कायमची वादात राहिली. १,६५० या संख्येबद्दल मात्र कोणी वाद घातल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

त्या पुंगळ्या जेथे पडल्या तेथेच राहिल्या असत्या, तर पन्नास शिपाई कोठे गुडघे टेकून बसले होते, नळ्यांचे तोंड केव्हा कोणत्या बाजूस वळले, हे सारे भूमीने सांगितले असते. त्या उचलल्या गेल्याने फक्त बेरीज उरली. पण ही बेरीजही अखेर उचलणारांवरच उलटली, कारण कोणत्याही लेखणीपेक्षा ती अधिक निष्ठुरपणे सत्य बोलते. जमाव पांगविण्यासाठी १,६५० फैरी लागत नाहीत. बागेच्या भिंतींतील गोळ्यांच्या खुणा आणि ही एक संख्या यांनी मिळून जे सांगावयाचे ते सांगून टाकले आहे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. सरावाच्या मैदानावर पुंगळ्या वेचाव्यात, जरूर वेचाव्यात. तेथे कागदाच्या लक्ष्याखेरीज कोणाला जखम झालेली नसते. तेथे भूमीला साक्ष द्यावयाची नसते. वेचणारा कोणाचे काही लपवीत नाही. उलट पितळ वाचवितो आणि दुसऱ्याचा पाय घसरू नये म्हणून जागा स्वच्छ करतो. परंतु जेथे माणसावर बार झाला, तेथे पडलेली पुंगळी ही मोडीची वस्तू राहत नाही. तेथे वाकणाऱ्या माणसाने क्षणभर थांबावे, ती कोठे पडली आहे ते आधी लिहून घ्यावे, आणि मगच हात पुढे करावा. आणि पितळ मोजून झाल्यावर, त्याच काळजीने, त्याच दिवशी, माणसेही मोजावीत.